सांता मारियाहून पंचवीस मिनिटं

गोव्यात पेडण्याजवळ तुयेच्या कारखान्यात नोकरीला असताना मी ज्या बाईच्या घरात सहा वर्षं भाड्यानं राहिलो, तिला किलोमीटर या शब्दाचा तिटकारा होता. खोली बघायला गेलो त्या दिवशी तिनं माझं नाव विचारलं, मासे खातोस का विचारलं आणि मग गाव विचारलं. मी आजरा तालुक्यातलं माझं गाव सांगितलं.

"हांगासून कितक्या लांब?"

"शंभरेक किलोमीटर असेल."

"ता माका नको. येळ सांग."

मी विचार करून म्हणालो, "एस.टी. लागोपाठ मिळाली तर पाच तास. आंबोलीच्या घाटात धुकं असलं तर सहा."

"आनी सावंतवाडीक गाडी चुकली तर?"

"तर मुक्काम."

तिनं मान हलवली आणि खोलीचं कुलूप काढलं. नंतर कळलं, माझ्या आधी दोघं जण खोली बघून गेले होते आणि दोघांनीही आपापल्या गावाचं अंतर सांगून वर 'जवळच आहे' असं म्हटलं होतं. जवळ म्हणजे काय ते ज्याला सांगता येत नाही त्याला घरात घेण्याची तिची तयारी नव्हती.

आमच्याकडच्या सवयीनं मी तिला आक्का म्हणू लागलो. गावातल्या बायका तिला बाय म्हणत. पन्नाशी ओलांडलेली, लग्न न केलेली, अंगानं काटक. शिवणकाम करून राही. गळ्यात मोजपट्टी इतकी कायमची की एकदा देवळातल्या जत्रेला ती पट्टी घालूनच आली आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. पुढच्या सोप्यात तिचं मशीन होतं. ब्लाऊज टाकायला आलेल्या बाईला ती "बुधवारी ये" असं कधी सांगत नसे. "बुधवारी चार वाजून धा मिनटांनी," असं सांगे. चारला आलेल्या बाईला दहा मिनिटं बसावं लागे. सोप्यातल्या भिंतीवरच्या घड्याळात चार-दहा झाले की आक्का शेवटचा धागा दातानं तोडून ब्लाऊज तिच्या हातात देई. बायका हसत, पण येत. दिलेल्या वेळेला कपडा देणारी दुसरी शिवणारीण पेडण्यापर्यंत नव्हती.

हे सगळं शिवणकामाच्या शिस्तीत खपून गेलं असतं. पण रविवारी मशीनवर कापड झाकून ती एक जुना, मोठा नकाशासंग्रह काढी. तिचे वडील पोर्तुगीज अमदानीत शाळामास्तर होते, त्यांचा तो. त्यातली नावं पोर्तुगीजमध्ये, पानांच्या कडा कसरीनं खाल्लेल्या. ती दोन बेटं निवडी, एका बेटावर सुई टोचून दोऱ्याचं टोक धरी, दुसऱ्या बेटापर्यंत दोरा ताणी, मग तो मोजपट्टीवर ठेवून प्रमाणानं गुणी. आलेल्या आकड्याला विमानाच्या वेगानं भागी. वर चढायला दहा मिनिटं, खाली उतरायला दहा मिनिटं, ही वीस मिनिटं प्रत्येक हिशेबात पक्की. शेवटी आलेला वेळ वहीत लिही. अशा तीन वह्या भरल्या होत्या. त्यात फक्त बेटं. मी एकदा विचारलं, "मुंबई-दिल्ली का नाही काढत?"

"जमनीवयल्या गावांक मनीस कसोय पावता. चलत पावता, गाडयेन पावता, वाटेर चाय पियत बसता. बेटार तसा नाय. थंय जावक एकच येळ आसता."

ती स्वतः विमानात कधी बसली नव्हती. विमानतळसुद्धा तिनं पाहिला नव्हता.

एकदा मांद्र्याला राहणारा एक गोरा माणूस पँट उसवली म्हणून तिच्याकडे आला. त्या काळी असे बरेच जण मांद्र्याच्या किनाऱ्यावर महिनोन्‌महिने राहत. माझ्या मोडक्या इंग्रजीतून बोलताना कळलं की तो ब्रिटनच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटांवरचा आहे. आक्का ताठ बसली. मला म्हणाली, विचार त्याका, बेटार विमान येता काय. तो म्हणाला, येतं की. आमच्याकडे दोन बेटांमधलं विमान दोन मिनिटांत पोचतं.

मी सांगितलं. आक्कानं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"दोन मिनटांत दार लावून जावचा नाय. फटिंग आसा ह्यो."

तो शपथेवर सांगत राहिला. तिनं पँट नीट शिवून दिली, पण त्यानं पुढे केलेला हात काही हातात घेतला नाही. त्या संध्याकाळी वहीत तिनं ती नोंद केली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तिन्ही वह्यांत तेवढंच एक.

बेटांचं हे वेड कुठून आलं ते मला राहायला जाऊन वर्ष झाल्यावर कळलं. तिची एकच धाकटी बहीण. तिचा नवरा दाबोळीच्या विमानतळावर हवामानाच्या कचेरीत होता. पोर्तुगीज जायच्या साधारण वर्षभर आधी त्याची बदली अटलांटिक महासागरातल्या सांता मारिया नावाच्या बेटावर झाली. तिथं मोठा विमानतळ होता. दोघं गेली. जाण्याआधी दोन बहिणींचं कडाक्याचं भांडण झालं. एवढ्या लांब जाऊ नको, असं थोरलीचं म्हणणं, आणि नवरा जाईल तिथं मी जाणार, असं धाकटीचं. थोरली निरोप द्यायला दाबोळीला गेली नाही. दारातसुद्धा आली नाही. मग गोवा मुक्त झाला, दोन्ही देशांचं बोलणं बंद पडलं, पत्रं बारा-तेरा वर्षं आफ्रिकेतल्या कुणा नातेवाइकाच्या हातून, वर्षा-दोन वर्षांनी एखादं, अशी येत. पुढे टपाल सुरळीत झालं. बहीण परत मात्र आली नव्हती.

मी तिथं होतो तेव्हा पत्र महिन्याला एक येई. एक दिवस आक्काचा चष्मा फुटला होता म्हणून तिनं आलेलं पत्र मला वाचायला दिलं. चार ओळींचं होतं. हवा बरी आहे, बटाटे चांगले झाले. आणि पुढे: "मध्यंतरी पलीकडच्या सांव मिगेल बेटावर विमानाने गेले होते. पंचवीस मिनिटे लागली."

बस्स. खाली सही.

आक्का उठून आत गेली आणि नकाशा घेऊन आली. त्या दोन बेटांचा हिशेब तिनं फार पूर्वीच केला होता. चाळीस मिनिटं. तिनं पुन्हा दोरा ताणला, मला पुन्हा गुणायला लावलं. चाळीस.

"पंचवीस जावचीच नाय," ती म्हणाली. "चढूक-देवूकच वीस लागतत. बाकीचा पाच मिनटांत दर्या ओलांडता काय?"

तिनं उलट टपाली हिशेब लिहून पाठवला. महिन्याभरानं उत्तर आलं: "बाय, पंचवीसच लागली." आक्कानं लिहिलं, तू घड्याळ बघितलंस का, की नुसतं अंदाजानं सांगतेस? उत्तर आलं: बघितलं. आक्कानं लिहिलं, विमान हललं तेव्हापासून मोजलंस की वर गेल्यावर? उत्तर आलं: हललं तेव्हापासून. हे असं तीन वर्षं चाललं. बटाटे, हवा, गावातली लग्नं, सगळं असायचं, पण प्रत्येक पत्रात दोन ओळी त्या विमानाच्या. आक्काच्या पत्राचा शेवट ठरलेला: "भावोजींना नमस्कार सांग. त्यांना तरी खरे काय ते विचार. ते विमानतळावरचे मनुष्य आहेत."

मला त्यात मजा वाटे. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी सांगे, आमच्या घरमालकिणीचं आज काय उत्तर आलं. आमच्याकडचे, बेळगावकडचे सगळे ऐकत. कुणी पंचवीसच्या बाजूनं, कुणी चाळीसच्या.

मग एका पावसाळ्यानंतर पत्र आलं की धाकटी येते आहे. डिसेंबरात. एकटीच. भावोजींच्या रजेबद्दल काही नव्हतं.

आक्कानं बहिणीच्या प्रवासाचं वेळापत्रक आखलं. बेटावरून लिस्बन, लिस्बनहून मुंबई, मुंबईहून दाबोळी, दाबोळीहून तुये. सगळे तास-मिनिटं घालून तो कागद तिनं मशीनच्या वर चिकटवला. मांडवीवरचा पूल त्याच वर्षी पडला होता, म्हणून पणजीला फेरीबोटीचा अर्धा तास वेगळा धरला. धाकटी शुक्रवारी दुपारी साडेतीनला दारात हजर होणार होती.

त्याच आठवड्यात भाषेच्या आंदोलनानं पेट घेतला. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून गोवाभर आधीच तापलं होतं. तुयेतही माणसं दारोदार फिरून कोण कुठल्या बाजूचा ते विचारत. आक्काला विचारलं तेव्हा तिनं सुई तोंडातून काढून सांगितलं, "चिट्टी मी मराठीत लिवतंय, झगडतंय कोकणीत. दोनय होयी माका." पण आता रस्त्यांवर झाडं आडवी पडली. दगड रचले गेले. दक्षिणेकडून गाड्या येईनात.

शुक्रवारचे साडेतीन वाजले, पाच वाजले. कुणी आलं नाही. शनिवारी सकाळी आमच्या कारखान्याच्या फोनवर वास्कोहून निरोप आला, तो मीच घेतला. पलीकडून एक बारीक, दमलेला आवाज, धाकटीचाच. विमान वेळेवर उतरलं, ती ओळखीच्यांकडे उतरली आहे, पणजीकडचा रस्ता बंद आहे. एक टॅक्सीवाला आतल्या गावांतून जुन्या गोव्यापर्यंत सोडायला तयार आहे. तिथून फेरीनं दिवाडी बेटावर, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीनं नार्व्याला. रविवारी सकाळी निघेल.

मी घरी येऊन सांगितलं. म्हटलं, मी जाऊन घेऊन येतो.

"मी येतंय," आक्का म्हणाली.

वीसेक वर्षांत ती म्हापशाच्या पुढे गेली नव्हती. रविवारी सकाळी डिचोलीकडे माल नेणारा कारखान्याचा टेंपो होता, त्यात ड्रायव्हरच्या शेजारी ती बसली आणि मी मागे. डिचोलीहून नार्व्याला रिक्षा केली. दहाच्या सुमाराला आम्ही धक्क्यावर पोचलो. नदी स्वच्छ होती. पलीकडं दिवाडीची हिरवी रेघ. फेरी यायची, दोन सायकली आणि पाच-सहा माणसं उतरायची, फेरी जायची. आक्का एका दगडावर बसून राहिली. बाराला मी सप्तकोटेश्वराच्या देवळाजवळच्या दुकानातून चहा आणि पाव आणला. तिनं पाव हातात धरला, खाल्ला नाही.

"ह्या नदयेक फेरीन कितलो येळ लागता रे?" तिनं विचारलं.

"तुम्हीच सांगा. दहा वेळा बघितली."

"मी बघूक नाय," ती म्हणाली. मी चरकलो.

दोन वाजता फेरी आली. माणसं उतरली आणि मागून एक ठेंगणी, गोरी बाई, जाड लोकरी कोट हातावर, नऊवारी नव्हे पण नीट नेसलेलं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. एका माणसानं तिची बॅग उचलली होती. आक्का उभी राहिली. पंचवीस वर्षांनी भेटणाऱ्या बहिणी काय बोलतात ते मला ऐकायचं होतं.

"दोन दिस उशीर," आक्का म्हणाली.

"विमान येळार इला, बाय. हांगाच..."

आक्कानं तिचा कोट आपल्या हातात घेतला. परत येताना डिचोलीहून त्याच टेंपोत दोघी ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं बसल्या होत्या. मागच्या काचेतून मला दोघींची डोकी दिसत होती. असनोडा गेलं, कोलवाळ गेलं, दोघी बोलल्या नाहीत.

घरी पहिले काही दिवस पाहुण्यांसारखे गेले. धाकटी लवकर उठे, पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची घंटा ऐकून धावत दाराशी जाई आणि गरम उंडे हातात घेऊन नुसती वास घेत उभी राही. आक्का तिला बसायला सांगे, ती बसत नसे. गावातल्या बायका येऊन गेल्या. भावोजींचं विचारलं तर धाकटी म्हणे, "थंयच आसत." मला वाटलं, यांचं भांडण होईल तर बरं. भांडणाशिवाय या दोघींना एकमेकींशी बोलायची सवयच उरलेली नव्हती.

ते पुढच्या रविवारी झालं. सकाळी मी दाढी करत होतो. आक्कानं हाक मारली. सोप्यातल्या मेजावर नकाशा उघडलेला होता, दोरा ताणलेला होता. धाकटी खाली बसून तांबडी भाजी निवडत होती.

"ये रे, तू साक्षीदार. बघ, कितले जातत."

मी गुणलं, भागलं. चाळीस.

"आयकलंस? आता माझ्या तोंडार सांग, पंचवीस."

"पंचवीस, बाय," धाकटी भाजीतून डोकं वर न काढता म्हणाली.

"घड्याळ बघलंलस?"

"बघलंलय."

"कोणाचा घड्याळ?"

"तेंचा."

"भावोजींचा? मगे तेंकाच कागद घाल. आजच घाल. तो मनीस खोटा सांगूचो नाय. तीन वर्सां सांगतंय मी तुका, तेंका विचार, तेंका विचार..."

धाकटीनं हातातली भाजी सुपात ठेवली.

"घड्याळ तेंच्या हातात होता," ती म्हणाली. "मी तेंचो हात धरून बसलंलय. पंचवीस मिनटांनी विमान देवला. ते पंधराव्या मिनटाक गेले."

मेजावरचा दोरा आक्काच्या बोटातून सुटला. माझ्या गालावरचा साबण सुकून कातडी ओढू लागली तेव्हा मला आपण उभे आहोत हे जाणवलं. मी जायला वळलो, तर धाकटीनंच मला हातानं थांबवलं. बहुतेक तिला दोघींतच ते बोलायचं नव्हतं.

तिनं सांगितलं ते असं. भावोजींच्या छातीत रात्रीपासून दुखत होतं. सांता मारियावर लहान दवाखाना, मोठं इस्पितळ पलीकडच्या बेटावर. सकाळच्या विमानात त्यांना झोपवून नेलं. मोठ्या विमानतळावर हवामान सांगण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, त्या दिवशीचं आकाशही त्यांनी खिडकीतून बघून सांगितलं, वारा मागून आहे, लवकर पोचू. महिन्याभरानं तिनं बहिणीला कळवायला कागद घेतला. विमानाने गेले, पंचवीस मिनिटे लागली, इथपर्यंत लिहिलं. पुढची ओळ लिहवेना. तसंच पाकीट बंद केलं. वाटलं, बाय विचारील, का गेली होतीस? मग सांगू.

"तुवां इचारलास, घड्याळ बघलंस काय," धाकटी म्हणाली. ती चक्क हसली.

आक्काचा चेहरा मी इतका उतरलेला त्याआधी आणि नंतर कधी पाहिला नाही. "आनी मी तुका गुणाकार करून धाडी होतंय," ती म्हणाली. "तीन वर्सां."

"धाडलंस ता बरा केलंस. थंय सगळ्यांनी माका समजावल्यानी. रडून झाला, सगळा झाला. तुझी चिट्टी येय तेवां तेतूर ते जिते आसत. भावोजींना नमस्कार. मी वाचून दाखय तेंच्या फोटोक."

आक्कानं नकाशा मिटला. मग खाली बहिणीशेजारी बसली आणि तिच्या सुपातली भाजी निवडू लागली. आळशी माणसासारखी, एकेक पान. दोघी रडल्या नाहीत, निदान माझ्यासमोर नाहीत. मी आत जाऊन तोंड धुतलं.

बाहेर आलो तेव्हा आक्का हलक्या आवाजात विचारत होती की गावात कधी सांगायचं. आता सांगितलं की बायका येतील, बांगड्या, कुंकू, सगळं रीतीप्रमाणं होईल.

"परत नको, बाय," धाकटी म्हणाली. "मी एक फावट केलंय. एकट्यान केलंय. आता परत माका जमूचा नाय."

आक्कानं निवडलेली भाजी उचलून आत नेली.

त्या आंदोलनानंतर दोन-तीन महिन्यांत भाषेचा कायदा झाला, आणि मे संपता संपता गोवा राज्य झालं. तुयेतही पताका लागल्या, कारखान्यात पेढे वाटले. धाकटी परत जाणार नव्हती हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. तिला खोली हवी होती, म्हणून मी पेडण्यात जागा बघितली. आक्कानं मला जा असं म्हटलं नाही. मीच सामान बांधलं.

निघायच्या दिवशी निरोप घ्यायला सोप्यात उभा होतो. आक्का मशीनवर, धाकटी तिच्या मागं बसून काजं करत. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी बाई ब्लाऊज न्यायला आली. बोलता बोलता तिनं धाकटीच्या कपाळाकडे बघितलं आणि आक्काला विचारलं, "बाय, इतके म्हयने जाले, जावय काय येवक नाय? बरे मां?"

धाकटीच्या हातातली सुई थांबली. मीही आक्काकडे बघू लागलो. सहा वर्षांत मी या बाईला अर्ध्या मिनिटाची खोटी गोष्ट बोलताना ऐकलं नव्हतं.

आक्कानं मशीनचं चाक फिरवलं. नजर कापडावरच.

"बरे आसत," ती म्हणाली. "कामाचो मनीस. तेंका रजा गावना नाय."